गोळा

कॉव्हेंट्रीच्या इस्पितळातून पूर्वी मला फोन यायचा,
रात्री-बेरात्री, बर्फातसुद्धा,
बावीस पौंड तासाला, बसभाडं वेगळं.
आता खाटेशेजारी चाकांच्या दांडीवर एक पडदा उभा असतो.
मराठी बोलतो. शुद्ध.
थोडा बातम्या दिल्यासारखा.

द्वारकाबाई खानविलकर, वय एकाहत्तर,
मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या.
पहाटे तीनला घामाघूम झाल्या म्हणून
शेजारणीनं आणलेलं.
काय होतंय, डॉक्टरनं विचारलं.
काय सांगू बाबा, बाई म्हणाल्या,
रात्रपाळीहून पोरगा येईना, फोन लागेना,
पोटात गोळाच आला माझ्या.

पडद्यानं इमानेइतबारे इंग्रजी केलं:
पोटात गोळा आहे.

मी असते तर आतल्या आत हसले असते,
म्हटलं असतं, घाबरल्यात, बाकी काही नाही,
चहा द्या, मुलाचा पत्ता लावा.
तेवीस वर्षं मी हेच करत आले:
शब्द सोलायचा
नि आतला गर पुढे करायचा.

पण डॉक्टर क्वाबेना नवा होता, सालासकट खाणारा.
त्यानं थंडगार जेल फासून पोट तपासलं,
आणि डाव्या मूत्रपिंडावर
खरंच होता.
सुपारीएवढा.
अजून कुठे न पसरलेला.

दुपारी मला बोलावलं, बाई सही करीनात म्हणून.
पडद्याचं सगळं सांगून झालं होतं,
टाके किती, धोका किती टक्के, घरी कधी.
एकही चूक नव्हती.
मी दोनदा ऐकलं, चूक सापडावी म्हणूनच.

"ते कळलं गं सगळं. तुझं गाव कुठलं?"
संगमेश्वर.
"मग आता तू सांग."
काय सांगू?
"तेच."

मी तेच सांगितलं.
टक्के चुकले मध्येच, पडद्यानं सुधारले,
त्याचंच बरोबर होतं.
बाईंनी माझं मनगट सोडलं ते
पेन धरण्यापुरतं.

स्टॉपवर बसले तेव्हा हिशेब लागला:
त्या पहाटे मी असते
तर ती सुपारी तशीच राहिली असती,
चहा पिऊन घरी गेली असती.

माझ्या पोटात गोळा आला.
तसला नव्हे. आपला.

एकवीस नंबरची बस आली, दार उघडून थांबली,
गेली.