दीड इंच नारळाचं दूध

कृती आहे माझ्याकडे,
पण ती ब्लाउजच्या मापाच्या चिठ्ठीमागे.
पुढे: खांदा चौदा, बाही नऊ, मागचा गळा खोल नको.
मागे, त्याच निळ्या पेनाने:
नारळाचं दूध, दीड इंच.

रत्तना शिंपीण होती, गुदैबियात,
कुंजुमोनच्या कोल्डस्टोअरला लागून.
आमच्याकडची रत्नाच,
वाटेत कुठेतरी एक त जास्त चिकटलेला.
टेप गळ्यातच असायची, जेवतानासुद्धा.
वाटी, चमचा, ग्रॅम असलं तिला पटायचं नाही.
कढईला बाहेरून टेप लावायची
आणि नखाने दाखवायची, इथपर्यंत.
मी विचारलं, कढई मोठी असली तर?
म्हणाली, मग माणसंही जास्त असतील.

आज शुक्रवार. शमाल सुटलाय,
समोरची इमारत धुळीत अर्धी पुसली गेलीय.
दाणे भाजले. हे मला कुणी शिकवू नये,
मी बार्शीची.
पाखडायला सूप नाही, म्हणून बाल्कनीचं दार उघडलं,
तर फुंकर मारायच्या आधीच
वाऱ्याने सगळी फोलपटं उचलली
आणि नेऊन टाकली खालच्या मजल्यावर,
बतूलबाईंच्या पांढऱ्या चादरीवर.
दार लावून घेतलं.
कुणी विचारलं तर मी झोपले होते.

कूट जाडसर. इथेच थांबले असते
तर साबुदाणा भिजवता आला असता.
पण डबा फोडून झाला होता, साडेचारशे फिल्सचा.
दूध तापलं, कडेने तेल सुटू लागलं,
त्यात ते लाल वाटण, गवती चहाच्या वासाचं,
आणि घरभर असं की
एका शेगडीवर काढा, दुसरीवर रस्सा.
चिंच घरून आणलेली. गूळही घरचा,
ताडाचा नव्हे.
रत्तना म्हणाली असती, सेम सेम.
तिचं सेम सेम सगळ्याला चालायचं,
शिफॉनला नि जॉर्जेटला,
बार्शीला नि उदोन थानीला,
माझ्या नवऱ्याला नि तिच्या, न सांगता गेलेल्या.

पुढची ओळ: फिश सॉस, एक बटण.

केवढं बटण, रत्तना?
शर्टाचं की कोटाचं?

विचारायचं कुणाला. दुकान गेलं,
तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
आणि ती गावाला, आमची सगळ्यांची मापं
इथेच एका वहीत सोडून.
नंबर लावला तर एक बाई
माझ्याशी थाईत बराच वेळ बोलते,
मग टुंग.

मी कोटाचं धरलं.
खारट. मग गूळ घातला. मग चिंच. मग अजून दूध,
मग कूट, कारण पातळ.
दीड इंचाचे साडेतीन झाले.
कढईत नऊ माणसांचं जेवण
आणि घरात आम्ही दोघं.
विश्रामने पळी उचलून नाकाशी नेली,
आमटी झकास झालीय, म्हणाला, भात टाकलास?

आमटी नाहीये ती, म्हणता म्हणता
मी भात टाकला.
चिठ्ठी उलटी करून पाहिली.
खांदा अजून चौदाच.
बाकीच्या आकड्यांबद्दल इथे लिहीत नाही.

मोठी वाटी भरून खाली गेले.
बतूलबाईंनी दारातच बोट बुडवलं, चाखलं,
डोळे मिटले. परत बुडवलं.
सुंदर, म्हणाल्या. कशाचं आहे?

आत, खुर्चीवर, ती चादर होती,
घडी न घातलेली.

शेंगदाण्याचं, म्हणाले मी.
त्यांनी एकदा वाटीकडे पाहिलं,
एकदा चादरीकडे,
मग माझ्याकडे, सावकाश,
टेप लावल्यासारखं.