मागच्या वेळी केला होता

प्रशिक्षणाला आम्ही अठरा जण होतो,
मिरजेच्या कॉलेजातला एसी हॉल, तीन दिवस,
सगळे युनिट हेड, सगळ्यांचे फोन पालथे.
पुण्याहून आलेल्या मुलीनं पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या :
तुमच्या हाताखाली कुणी शिकत असताना
तुम्ही नेतृत्व केलंत, असा एक प्रसंग लिहा.
ऑर्थोचे मगदूम हसले, "आम्ही कुठं निवडणुकीला उभे!"
भडंगाची पुडी हातोहात फिरली.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.

जानेवारी होता. गळीत हंगाम.
उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत आलेली शिवकांता,
धारूरकडची, बावीस वर्षांची, दुसरं बाळंतपण.
दोन वाजून पाच मिनिटांनी मुलगी झाली. रडली.
वार पडली.
रक्त थांबेना.

ड्युटीवर सुफियान मुजावर, दुसऱ्या वर्षाचा.
पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, दोन्ही हातांना सलाईन.
सिस्टर एस्तेर म्हणाली, "मॅडमना फोन कर."
तो म्हणाला, "अजून पाच मिनिटं."
अशी आठ वेळा पाच मिनिटं.

शेवटी फोन केला तो एस्तेरनं.
विश्रामबागेतून मिरजेपर्यंत
मी घरातल्या सपातांवरच गाडी चालवली.
शिवकांता वाचली.
पिशवी काढावी लागली.

सकाळी राउंड संपल्यावर, सगळ्यांसमोर
(सगळ्यांसमोरच, तीच माझी पद्धत)
विचारलं, "फोन का नाही केलास?"
तो बुटांकडे बघत म्हणाला,
"मागच्या वेळी केला होता, मॅडम."

मागच्या वेळी.
मला आठवेना. लाज त्याचीच जास्त.
काय म्हणाले असेन?
"एवढंही जमत नाही?"
हे वाक्य माझ्या सरांचं.
ज्या हातानं टाका घालायला शिकवलं
त्याच हातानं त्यांनी हेही वाढलं,
आणि मी ताट चाटूनपुसून जेवले.
वर सांगत फिरले, आम्ही असेच घडलो.

त्यानंतर मी काही थोर झाले नाही.
जीभ अजून आधी धावते.
एस्तेरला सांगून ठेवलंय, माझा आवाज चढला की ट्रे आपट.
ती आपटते. जरा जास्तच खुशीनं.
लेबर रूमच्या फळ्यावर खडूनं माझा नंबर लिहिला,
खाली : खुळा प्रश्नही चालेल.
कुणीतरी पुढं लिहिलं : रात्री दोनला?
मी लिहिलं : दोनलाच.
दोन महिने एकही फोन नाही.
खडूच्या अक्षरावर कोण विश्वास ठेवतो!

मग एका गुरुवारच्या बैठकीत
मी माझी चूक सांगितली, सतरा वर्षांपूर्वीची,
जिचं नाव घरीही कधी घेतलं नव्हतं त्या बाईची.
कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.
त्याच रात्री तेजस्विनी पोमाजे, पहिल्या वर्षाची :
"मॅडम, टाका बरोबर बसलाय का, कळत नाहीये."
मी गेले. रस्त्यावर हळदीचा वास होता.
टाका बरोबर बसला होता.
हात पाठीमागे बांधून उभी राहिले,
पुढचे तिनंच घातले, वाकडे, पण पक्के.
"बरं झालं फोन केलास," म्हणाले.
हे वाक्य उच्चारायला अवघड आहे.
करून बघा.

चिठ्ठी कोरीच राहिली, पर्समध्ये आहे,
पेट्रोलच्या पावत्यांत.

परवा कॉरिडॉरच्या वळणावर सुफियानचा आवाज आला.
आता सीनियर आहे तो. समोर इंटर्न, हातात चुकलेला फॉर्म.
"एवढंही जमत नाही?"
सूर माझा. माझ्या सरांचा.
त्यांच्या सरांचाही असेल.
हाताशी ट्रे नव्हता.
मी गाडीची किल्ली लोखंडी कठड्यावर आपटली.
त्यानं वळून पाहिलं.
उमगलं की नाही, माहीत नाही.
पण पुढचं वाक्य बोलायला
त्याला थोडा वेळ लागला.