कूलरच्या टबात

रात्री पावणेदोनला लाइट गेली,
कूलरचा पंखा दम टाकत टाकत थांबला,
तेव्हा कळलं की आमचं घर
त्या घरघरीच्या आधारानं झोपलं होतं.
श्रावस्ती जागी झाली. आधी तिचे ओठ.
डोळे नंतर उघडतात तिचे,
ओठ अगोदरच निघालेले असतात अंधारात
काहीतरी शोधायला.

सात महिन्यांची आहे.
चुसनी पिवळी, आर्वीच्या स्टँडवरची, तीस रुपयांची,
घेतली तेव्हा विशाखाची रजा संपायला चार दिवस उरले होते.
दुकानदार म्हणाला, न्या सायेब, घर शांत होते.
झालं. खोटं कशाला बोलू.
पण रात्रीतून सात-आठदा ती तोंडातून पडते
आणि तितक्यांदा मी उठतो,
मोबाइलच्या उजेडात गोधडी झटकतो,
तिच्या मानेच्या घडीत बोट घालून पाहतो.
एकदा माझ्याच पाठीखाली निघाली,
सकाळपर्यंत कडं उमटलेलं होतं कातडीवर.

विशाखा नाइटला आहे, आरोग्य केंद्रात,
दुसऱ्या कुणाचं बाळ कधी रडतं
याची वाट पाहत.
जाताना सांगून गेली :
झोप लागता लागता हळूच काढून घ्या,
रडली तर छातीवर हात ठेवा, लगेच उचलू नका.
दारातून परत वळली.
'पोरीची सोडवा बापा, पण तुमची कोन सोडवन?'

शेजारच्या अनुसयाबाईंना हे सगळं थेर वाटतं.
'आमच्या टायमाले मोहरीएवढी अफू चाटवो,
धुऱ्यावर निजवो,
सांजलोक पोट्टं हूं का चूं करे नाई.'
मग बोटांवर आपली लेकरं मोजतात.
एक बोट मिटलेलंच राहतं.
विचारायची माझी हिंमत झाली नाही कधी.

तर आज चुसनी सापडेना.
उशीखाली नाही, खाटेखाली नाही,
तिच्या झबल्यात नाही.
रडणं आता भिंतीपलीकडे गेलेलं.
बॅटरी फिरवता फिरवता दिसली :
कूलरच्या टबात, वाळ्याच्या काड्यांमध्ये,
गढूळ पाण्यावर तरंगत.
उकळायची म्हणजे गॅस, पातेलं, दहा मिनिटं.
आणि माझा हात, मला न विचारता,
खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात.
पन्नीतला खर्रा, संध्याकाळीच घोटलेला.

चिमूट ओठापर्यंत आली होती.
तोंड भरलं की मला पोरीशी बोलता येत नाही,
नुसतं हूं हूं,
आणि वासानं ती मान फिरवते. पाहिलंय मी ते.
पन्नी मुठीत धरून खाली बसलो.
दुसरा हात तिच्या छातीवर ठेवला,
छाती कसली, भिजलेल्या चिमणीएवढं काहीतरी धडधडत होतं.

अंगाई मला येत नाही.
मी लाइनमन. मला पाठ आहे ती लाइन.
म्हणत गेलो : सबस्टेशन, मग नाल्याचा खांब,
मग ठाकऱ्याच्या विहिरीची डीपी,
मग तो वाकडा खांब, ज्यावर घुबड बसतं,
मग बौद्धवाडा, मग शाळा,
शाळेमागं तार जरा लोंबते, उद्या ओढू,
मग चिंचेखालचा बोअर...
ती रडली. तरी म्हणत गेलो.
दोनदा पूर्ण फीडर फिरून आलो आम्ही.
तिसऱ्या फेरीत नाल्याजवळच
तिला तिचीच मूठ सापडली,
अख्खी मावेना, मग दोन बोटं.

फोन वाजला. 'काहून गेली जी लाइन?'
येते, म्हटलं, हळू बोल.

ती आपोआप आली, तीनच्या सुमारास.
कूलर एकदम धडधडला, श्रावस्ती दचकली,
मी दचकलो,
मोटारनं पाणी ओढलं तशी टबात
पिवळी चुसनी गोल फिरू लागली.
काढून ठेवली नाही. उकळलीही नाही.
उद्या रात्रीचं उद्या.

पन्नी मुठीत घामानं ओली झाली होती.
ती कुठं ठेवावी
हे बराच वेळ सुचलं नाही.