अंगठ्याची बाजू

चिलका सरांच्या फॉर्मवर एक रकाना आहे :
ज्युडो कशासाठी शिकायचंय?
सुरवशांच्या पोरानं लिहिलं, पोलीस भरती.
मुस्कान तांबोळीनं लिहिलं, वजन.
बिराजदारांच्या धाकट्यानं काहीच नाही,
नुसता ओठ दाखवला, टाके घातलेला.
माझ्या भार्गवीनं आधी काहीतरी लिहिलं,
गिरवून गिरवून खोडलं,
मग लिहिलं, आवड.
कागद मी उजेडाला धरून बघितला.
नाही लागलं.

अशोक चौकाच्या मागं, बंद कारखान्याची शेड.
माग उभे होते तिथं आता गाद्या.
दोन महिने पोरगी नुसतं पडायलाच शिकली.
म्हटलं, फी घेऊन पडायला शिकवायलेत होय?
ते तर घरात फुकट शिकली असतीस.
हसली नाही.

मग एका रविवारी, मे महिन्यातला,
भिंतीला हात लावला तर चटका बसावा असा,
मी उंबऱ्यात, मांडीवर सूप,
भिजवलेली पानं, दोऱ्याचं रीळ.
आली आणि म्हणाली, आई, मनगट धर माझं.
जोरात धर.

धरलं.
दिवसाला हजार विड्या वळणारी बोटं ही,
बत्तीस वर्षांची.
तिनं ओढलं. हिसका दिला. पाय रोवले.
मनगट जागचं हललं नाही.
खरं सांगते, बरं वाटलं मला.
आणि दुसऱ्याच क्षणाला पोटात खड्डा :
एवढा जोर होता हातात,
तर तेव्हा कुठं गेला होता?

ती थांबली. श्वास घेतला.
ओढायचं सोडून तिनं हात नुसता फिरवला,
अंगठा नि बोटं भेटतात त्या फटीकडं,
आणि सुटली,
ओल्या पानासारखी.

"चार बोटं एका अंगाला, आई,
अंगठा बिचारा एकटा.
मूठ कुणाची का असेना."

कुणाची का असेना.
म्हणजे बघत होती ही.
एवढीशी असताना, पाण्याच्या पिंपामागं उभी राहून.
मी मेली सतरा वर्षं चार बोटांशीच झगडत राहिले.

आता त्यांच्या छातीत कापसाचं तूस बसलंय,
तीन पावलांवर दम लागतो.
रात्री मोरीकडं नेताना मनगट धरतात माझं.
धरतात कसलं, ठेवतात.
फट कुठं आहे, अंधारातही कळतं मला.
तसंच राहू देते.
का, ते विचारू नका,
मलाही रकाना कोराच सोडावा लागेल.

परवा त्यांचा तोल गेला.
दोघंही आपटलो, बादलीसकट.
चौथ्या दिवसाचं पाणी, तेवढंच उरलेलं, वाहून गेलं.
भार्गवी धावत आली, दिवा लावला,
त्यांना बसतं केलं,
माझ्या डोक्यामागं हात फिरवून बघितला, रक्त नाही ना,
आणि रागानंच म्हणाली,
"हनुवटी छातीला लावायची असते, आई,
पडताना."