झीज

शनिवारी बालोनच्या बाजारात गेले होते
कॉफीच्या किटलीचं रबर आणायला.
दाल्मात्सोनं चादरीवर मांडलं होतं
कुणाचं तरी आवरलेलं घर:
दाराच्या मुठी, एकाच पायाचे तीन बूट,
खोटं बोलायची सवय जडलेली तागडी,
आणि कडेला ढकललेलं एक पेन.
हिरव्या-काळ्या पट्ट्यांचं, सेल्युलॉइडचं.
टोपण उघडलं, तर कापराचा वास.
"चाळीस," तो म्हणाला. "निब सोन्याची आहे."
"आणि आतलं रबर?"
तो नदीकडे बघायला लागला.
पंचवीस युरो आणि मी घातलेल्या
मिरच्यांच्या लोणच्याची एक बरणी, असं ठरलं.
किटलीचं रबर राहूनच गेलं.

आठवडाभर कॉफी गळत राहिली
आणि मी पेन उघडत राहिले.
हेअर ड्रायरची ऊब, थोडा पीळ, थांबणं.
पुन्हा ऊब.
घाई केली तर सेल्युलॉइड पेटतं.
एकोणतीस वर्षं मी मोटारींच्या सीटा शिवल्या;
कातडं कधी ऐकतं, कधी फाटतं
हे बोटांना आधी कळतं, मग मला.
मंगळवारी रात्री मान सुटली.
आतली रबरी पिशवी
करपलेल्या कांद्याच्या सालीसारखी
चुरा होऊन पडली कालच्या वर्तमानपत्रावर,
एका मंत्र्याच्या कपाळावर.

निब वाटीत भिजत घातली.
पाणी आधी काहीच बोललं नाही.
मग एक धागा सुटला, जांभळा.
मग दुसरा.
कुणाच्या तरी लिहायच्या राहिलेल्या ओळी.
पत्र? उधारी? स्थळाला नकार?
तीनदा पाणी बदललं.
चौथ्या वाटीत नुसतं पाणी होतं
आणि मला उगाच
कुणाचं बोलणं मध्येच तोडल्यासारखं झालं.

सेत्तिमोच्या गास्पारेनं नवी पिशवी दिली.
उमेद सगळी पेनांच्या कारखान्यात गेली त्याची;
अजून हात मिळवताना
समोरच्याच्या बोटांचा घेर मोजतो.
पिशवी लाखेनं चिकटवली, वर टाल्कम पावडर.
शाई आणली, ती जांभळीच.
तरफ उचलली, सोडली,
आणि पेन गटागटा प्यायलं
तापातून उठलेल्या पोरासारखं.

लिहायला बसले तर खरखर.
कागद ओरबाडला जातोय, एक रेघ धड नाही.
परत गास्पारेकडे.
भिंग डोळ्याला लावून तो बराच वेळ गप्प.
"बिघडलेली नाही गं. झिजली आहे.
पण उलट्या बाजूनं.
ज्याचं होतं, तो डावखुरा होता.
म्हणशील तर दगडावर घासून सरळ करतो.
माझ्या डाव्या हाताचा मळ," म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

मी म्हणाले, राहू दे.

ट्राममध्ये पेन पिशवीत, पिशवी मांडीवर,
पिशवीवर माझा डावा हात,
ज्याला पहिलीत सिस्टर एर्मेलिंदानं
निळ्या फितीनं बाकाला बांधलं होतं
नाताळपासून ईस्टरपर्यंत.
उजवा शिकला. इतका शिकला
की मीच विसरले, आधी कोण आलं होतं.
डाव्यानं कापड ताणून धरलं, भाजी धरली,
शेवटी शेवटी आईच्या पलंगाचा कठडा.
कधी काही मागितलं नाही.

रात्री टेबल पुसलं. कागद तिरका ठेवला.
पेन एका हातातून दुसऱ्या हातात दिलं;
देणारा हात जरा ओशाळला.
निब सरकली.
आवाजच नाही.
ओत्ताविया, असं लिहिलं.
मधली दोन अक्षरं एकमेकांवर कोसळली,
शेवटचं ओळीखाली घसरलं,
करंगळीच्या कडेला जांभळा फराटा.
सहा वर्षांच्या मुलीचं अक्षर,
अडुसष्टाव्या वर्षी.

बराच वेळ बघत बसले.
मग त्याच हातानं खाली लिहिलं:
किटलीचं रबर.