कोरा नमुना

सांवेरच्या अलीकडे, कान्हच्या काठाला,
लसणाच्या वावरात एक बोअर आहे.
दोनशे दहा फूट.
माझ्या वहीत त्याचं नाव नमुना क्रमांक सतरा,
गावाच्या तोंडी गेंदाबाईचं पाणी.

मी काचेच्या बाटल्या नेल्या होत्या.
"काच कंई वास्ते, बेन?"
म्हटलं, प्लास्टिक मोजायचंय,
ते प्लास्टिकमधून कसं नेणार?
ती हसली. म्हणजे चोर धरायला
चोराच्या भावाला नाही धाडायचं.

बांधावर गेल्या सालच्या टरबुजांचा मल्चिंग पेपर.
पेपर म्हणतात, कागद नसलेल्याला.
रोटाव्हेटर फिरला की त्याचे तळहाताएवढे तुकडे,
पुढच्या साली नखाएवढे,
मग ते दिसायचे थांबतात.
दिसत नाही म्हणजे गेलं, म्हणतो सौदानसिंह,
आणि पुन्हा नांगराला लागतो.

नदीचं काय सांगू? ती शहरातून येते.
रामबागेतल्या आमच्या मोरीचं पाणी
माझ्याआधीच इथे पोचलेलं.

गेंदाबाईने प्यायला दिलं.
कळशीच्या तोंडावर पदर दुहेरी धरून,
जसा तिची सासू धरायची.
पाणी गाळून द्यावं, पाहुण्याला तरी.
सासूचं लुगडं सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेलं.
हिचं हाटातलं, अडीचशेचं, चकचकीत,
अर्ध्या तासात वाळणारं.
त्यातून पडणारी धार मी बघत राहिले.
बोलले काहीच नाही.
प्यायले. गोड होतं.

गाळणकागदावर, सूक्ष्मदर्शकाखाली:
सत्तावीस.
तंतू जास्त, पापुद्रे कमी.
एक निळा, दुसऱ्या वेलांटीसारखा वळलेला.

नियम असा, की शेजारी एक कोरा नमुना ठेवायचा.
शुद्ध पाणी, ज्यात काही नसतं,
म्हणजे हवेतून, हातांतून काय पडतं ते कळतं.
त्यात चार निघाले.
चारही निळे. त्यातली एक वेलांटी, पहिली.
फेब्रुवारीची थंडी होती.
अॅप्रनच्या बाहीतून
बोटभर बाहेर आलेला माझा स्वेटर
मी आत खोचला. उशिरा.

सत्तावीसमधून चार वजा. तेवीस.
अहवालात तेवीसच जातील.
जे चार माझे,
त्यांच्यासाठी रकाना नाही.

आठवड्याने तिचा फोन.
"निकल्यो कंई?"
निघालं, म्हटलं, थोडं.
थोडं म्हणजे मिठाएवढं, की विषाएवढं?
ते अजून कुणी ठरवलेलं नाही, म्हटलं.
पलीकडे मोटारीचा आवाज,
पाणी चालू असावं.
मग ती लसणाच्या भावावर बोलत राहिली,
आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली,
पुढच्या खेपेला दोन बाटल्या जास्त आण,
त्याच, काचेच्या.
लोणच्याला बऱ्या.