डाव्या पायातलं तिसरं

पहाटे पाचला होटगी रोडवर
मांडवातल्या ट्यूबलाइटखाली नंबर वाटले.
मला एकशे बारा.
मी पाठीवर लावून घेत होते, नान्ना म्हणाले, सरळ लाव,
कापड ओढतंय.
कापडाचं त्यांना कळतं. या शर्यतीचं
एवढंच ठाऊक, की बेचाळीस किलोमीटर आहे
आणि पोरगी आठ चाकांवर जाणार.

रात्री सोळा बेअरिंगं पेट्रोलात धुतली होती
स्टीलच्या वाटीत. ती वाटी आता घरात नको, आई म्हणाली.
टॉवेलवर वाळत घातली. टॉवेलांना आमच्याकडे तोटा नाही,
काठ चुकलेला, डाग पडलेला प्रत्येक
शेवटी घरीच येतो.

शिट्टी झाली.

सात किलोमीटरचे सहा फेरे.
विमानतळाची भिंत, पेट्रोल पंप,
ट्रॉलीतून सांडलेली उसाची कांडकी,
वळणावर वाळूची पोती, आणि तिथला होमगार्ड
प्रत्येकाला सांगणार: सावकाश, सावकाश.
सावकाश जायला आलोय का बाबा आम्ही!

दुसऱ्या फेऱ्यात एका बाईच्या मागे लागले.
सुगंधा हलगेकर, बेळगाव, हे नंतर कळलं.
तेव्हा नुसती पाठ. निळा सूट,
मणक्यावर दोन टाके उसवलेले.
वारा ती खायची, मी तिच्या आडोशाला
कमरेत वाकून, डावा हात पाठीशी बांधून.
मग ती कोपर हलवायची. म्हणजे, आता तू.
मी पुढे. वारा सगळा छातीवर.
याला मैत्री म्हणता येणार नाही,
दोघींनाही शेवटी एकमेकींना मागे टाकायचं होतं.
तरी खड्डा आला की बोट खाली दाखवायचं,
हे तिने एकदाही चुकवलं नाही.
मीही.

रस्ता म्हणजे ताणा, तू म्हणजे धोटा,
असं वाटतं का हो तुम्हाला?
पेपरवाल्या मुलाने आदल्या दिवशी विचारलंच.
नाही वाटत.
धोटा परत येतो तेव्हा बोटभर तरी कापड पुढे सरकलेलं असतं.
मी परत येते तेव्हा मांड्या पेटलेल्या असतात,
आणि आठ वाजायच्या आत
सोलापूरचं ऊन खालून, डांबरातून चढायला लागतं.
चाकं मऊ पडतात,
रस्ता पायाला धरून बसतो
उधारी मागायला आल्यासारखा.

पाचव्या फेऱ्यात आवाज सुरू झाला.
बारीक. किर्र. डाव्या पायात कुठेतरी.
ढकलताना नाही, सरकताना.
पुलाच्या सांध्यावर थांबायचा, पुन्हा सुरू.
दहाएक किलोमीटर
मी शर्यत सोडून तेवढंच ऐकत गेले.
सुगंधा पुढे, अजून पुढे,
मग निळा ठिपका,
मग फक्त होमगार्ड. सावकाश.

बायकांत सातवी. एक तास त्रेचाळीस मिनिटं.
सुगंधा चौथी. तिने ताकाची पिशवी पुढे केली,
अर्धी प्यालेली, काही न बोलता.

नान्ना दुभाजकावर बसले होते.
सदतीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढली, कान तिथेच राहिले.
मी समोर बसून म्हटलं, आवाज येत होता.
त्यांनी ओठ वाचले. कसला, ते विचारलं नाही.
माझा पाय स्केटसकट मांडीवर घेतला,
एक तळवा फ्रेमला लावला,
दुसऱ्या हाताच्या बोटाने चाक फिरवलं. डोळे मिटलेले.
पहिलं.
दुसरं.
तिसऱ्यावर थांबले. परत फिरवलं.
'हे कोरडं आहे,' म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
पाणी पिणारी चार माणसं वळून बघायला लागली.
'तेल कुणी घातलं होतं?'

मी बोट दाखवलं,
खड्डा आल्यावर दाखवतात तसं,
स्वतःकडे.